असहकाराची चळवळ का थांबली?

१ फेब्रुवारी १९२२ रोजी गांधीजींनी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांना एक पत्र लिहिले. सरकारने सात दिवसांत आपली दडपशाही आवरली नाही, तर गुजरातेतील बारडोली तालुक्यात सामुदायिक कायदेभंग आरंभला जाईल, असे त्यांनी त्यात कळविले होते. परंतु ११ व १२ फेब्रुवारीस त्याच बारडोलीत भरलेल्या काँग्रेस कार्यकारिणीने, गांधीजींच्याच सल्ल्याने, हा कायदेभंग तहकूब केला. असे का घडले?

मधल्या काळात संयुक्त प्रांतातील गोरखपूर जिल्ह्यात चौरीचौरा येथे भीषण प्रकार घडला होता. ४ फेब्रुवारीस पोलिसांनी मिरवणुकीवर गोळीबार केला. क्षुब्ध जमावाने पोलिसांना ठाण्यात कोंडून ठाण्याला आग लावली. २० हून अधिक पोलीस मारले गेले. जमावाच्या तोंडी गांधीजींचाच जयजयकार होता. त्यांच्या मनाला लागलेली खरी बोच हीच होय.

शाळा, न्यायालये व परदेशी कापड यांवरील बहिष्कार आणि सामुदायिक कायदेभंग यांत मोठे अंतर आहे. शेतसारा नाकारल्यावर जमिनी जप्त होणार, लाठ्या बसणार. तरीही हात उगारायचा नाही, एवढी शिस्त त्यासाठी हवी. नोव्हेंबर १९२१ मध्ये युवराजांच्या आगमनाच्या वेळी मुंबईत दंगली उसळल्या, तेव्हाही गांधीजींनी उपवास करून बारडोलीचा बेत पुढे ढकलला होता. चौरीचौराने तीच उणीव पुन्हा दाखविली. त्यांनी पाच दिवसांचे उपोषण केले आणि सूतकताई, राष्ट्रीय शिक्षण व अस्पृश्यतानिवारण या विधायक कार्यांकडे देशाला वळविले.

हा निर्णय सर्वांना रुचला नाही. तुरुंगात असलेले मोतीलाल नेहरू व लाला लजपतराय व्यथित झाले. एका दूरच्या खेड्याच्या अपराधासाठी सबंध देशाने शिक्षा का भोगावी, हा आक्षेप निराधार म्हणता येत नाही. कार्यकारिणीने त्याच ठरावात शेतकऱ्यांना जमीनदारांचा खंड न रोखण्यास सांगितले होते. त्यावरून, ही माघार हिंसेच्या भयाने घेतली की शेतकऱ्यांच्या उठावाच्या भयाने, असाही प्रश्न काही इतिहासकारांनी विचारला आहे.

१० मार्च रोजी गांधीजींना अटक झाली व पुढे सहा वर्षांची शिक्षा ठोठावली गेली. चळवळ ओसरली, पण प्रश्न मिटला नाही. १९२८ साली त्याच बारडोलीने वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली साराबंदीचा लढा शांततेने जिंकला. १९३० च्या कायदेभंगात सोलापूरला पोलीस चौक्या जळाल्या, लष्करी कायदा पुकारला गेला. तरी या वेळी चळवळ तहकूब झाली नाही. अहिंसेची अट तीच होती. मात्र एका ठिकाणच्या स्खलनासाठी सर्वांनी थांबावे की नाही, याचे उत्तर आठ वर्षांत बदलले होते.