चमचाभर साखरेचा सांभाळ

चहाचा एक चमचा साखर म्हणजे साधारण ५ ग्रॅम. निरोगी माणसाच्या अंगातल्या जवळपास ५ लिटर रक्तात सकाळी उपाशीपोटी ग्लुकोज असतं ते एवढंच. एकटा मेंदू ते तासाभरात फस्त करील. रात्रभर यकृत थोडी थोडी साखर सोडत राहतं, म्हणून आपण शुद्धीवर जागे होतो. उलट, सणाच्या दुपारी दोन पुरणपोळ्या खाल्ल्या की त्या चमच्याच्या कितीतरी पट ग्लुकोज रक्तात उतरू लागतं. तरीही दोन-तीन तासांनी मोजलं तर साखर जवळपास होती तिथेच! हा सांभाळ होतो कसा, हे वाचायला लागल्यापासून मी चकित व्हायची थांबलेली नाही.

स्वादुपिंडात पेशींची इवली इवली बेटं आहेत. पाउल लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याला ती १८६९ साली दिसली. त्यांचं काम काय, ते मात्र त्याला कळलं नव्हतं. अशी सुमारे दहा लाख बेटं, आणि सगळ्यांचं वजन मिळून एक-दोन ग्रॅम. त्यातल्या बीटा पेशी साखर मोजतात. कशी? खाऊन. रक्तात ग्लुकोज जितकं जास्त, तितकं ते या पेशींत शिरतं, जळतं आणि एटीपी हे इंधन तयार होतं. पेशीच्या आवरणात पोटॅशियम बाहेर जाऊ देणारी छिद्रं असतात. एटीपी वाढलं की ती मिटतात. पोटॅशियम आत अडकतं, आवरणावरचा विद्युतदाब बदलतो, त्या सरशी कॅल्शियमची दारं उघडतात. कॅल्शियम आत घुसतं आणि आधीच बांधून ठेवलेल्या इन्सुलिनच्या पुड्या आवरणाला भिडून रक्ताच्या बाजूला रिकाम्या होतात. एकेका पेशीत अशा हजारो पुड्या.

घरात कुणी मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी घेत असेल, तर ती नेमकी हीच छिद्रं मिटवते. पेशीला वाटतं, साखर आली. म्हणून ती गोळी घेऊन जेवण चुकवू नये.

आणखी एक गंमत. तितकंच ग्लुकोज सलाइनमधून दिलं तर इन्सुलिन कमी सुटतं, तोंडाने घेतलं तर जास्त. कारण घास आतड्यात पोचला की आतडं आपली संप्रेरकं पाठवून स्वादुपिंडाला आधीच वर्दी देतं.

इन्सुलिन मग रक्तातून सगळीकडे फिरतं, पण एकाच निरोपाचा अर्थ जो तो आपापला लावतो. यकृत साखर सोडणं थांबवून साठवू लागतं. चरबीच्या पेशी चरबी बाहेर काढायच्या थांबतात. मेंदूला साखर घ्यायला त्याची गरजच लागत नाही. स्नायूंत जे घडतं ते मला सर्वांत विलक्षण वाटतं. ग्लुकोज आत घेणारी दारं, ग्लूट-४ नावाची प्रथिनं, तिथे एरवी पेशीच्या पोटात आवरून ठेवलेली असतात. इन्सुलिन बाहेरच्या ग्राहीला बिलगलं की आत निरोपांची साखळी सुरू होते आणि ती दारं वर येऊन आवरणात बसतात. काम झालं की परत आत.

इन्सुलिनही फार रेंगाळत नाही. रक्तातलं निम्मं चार-सहा मिनिटांत नाहीसं होतं, म्हणून मागणी बदलताच हुकूमही बदलता येतो. ते दिवसचे दिवस चढंच राहिलं, तर पेशी आपले ग्राही आवरणावरून आत ओढून घेतात, आणि मग तोच निरोप पोचवायला जास्त इन्सुलिन लागतं.

आई जेवण झालं की गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत शतपावली करते. तिच्या पोटऱ्या आखडतात, सैलावतात, आणि त्या हालचालीनेच आतली दारं इन्सुलिनची वाट न पाहता वर येतात.