एक जिल्हा, अनेक पावसाळे

बदली होऊन साताऱ्यात आलेला बाहेरगावचा माणूस हमखास विचारतो, ‘तुमच्याकडे पाऊस कसा असतो?’ जाणता सातारकर उलट त्यालाच विचारतो, ‘कुठला? महाबळेश्वरचा, वाईचा की दहिवडीचा?’ यात चेष्टा नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तिथून 20 किलोमीटरांच्या आतल्या पाचगणीत तो 2,000 च्या आसपास येतो. पसरणीचा घाट उतरून वाईत आलं की सात-आठशेवर घसरतो आणि पूर्वेच्या टोकाला, दहिवडीच्या माण तालुक्यात, पाचशे मिलिमीटर झाला तरी वर्ष बरं गेलं म्हणतात. 22-23 जुलै 2021 ला महाबळेश्वरात 24 तासांत 590 मिलिमीटरांहून जास्त पाऊस कोसळला. माणला एवढा पाऊस व्हायला अख्खं वर्ष लागतं, तेही चांगलं असेल तर.

याचं कारण सह्याद्री. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पाचे वारे या भिंतीला थडकून हजार-बाराशे मीटर वर चढतात. वर चढता चढता हवा थंड होते, बाष्पाचं पाणी होतं आणि ते कोकणात नि घाटमाथ्यावर रितं होतं. माथा ओलांडून पूर्वेला उतरणारी हवा पुन्हा तापते, कोरडी होते. म्हणून जून-जुलैत माणच्या आभाळात ढग दिसतात, पण ते थांबत नाहीत. सुसाट वारा तेवढा मिळतो. या वाऱ्यावर साताऱ्याच्या पठारांवरच्या पवनचक्क्या फिरतात, पण बाजरी काही वाऱ्यावर येत नाही.

महाबळेश्वरात जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत धुकं आणि पाऊस यांचंच राज्य असतं. काडेपेटी सर्दावते, मिठाला पाणी सुटतं, धुतलेले कपडे चुलीवर धरल्याशिवाय वाळत नाहीत. पूर्वी पावसाळ्याआधी घरांच्या भिंती बाहेरून गवताने झाकून घेत. आता प्लास्टिकचा कागद लावतात. पाऊस ओसरला की स्ट्रॉबेरीची लागवड सुरू होते. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे दवबिंदू गोठतात, आणि मे महिन्यात खाली मैदानात पारा चाळिशी गाठतो तेव्हा इथे पर्यटकांची झुंबड असते.

माणचं पंचांग वेगळं. मृगात शिडकावा झाला तर मुरमाड रानात बाजरी पेरायची आणि पुढे उघडीप पडली की आभाळाकडे बघत बसायचं. इथल्या शेतकऱ्याचा खरा भरवसा परतीच्या पावसावर, उत्तरा-हस्ताच्या नक्षत्रांवर. सप्टेंबरच्या अखेरीस दुपारनंतर ढग दाटतात, कडकडाट होतो आणि तास-दोन तासांत ताली भरतात. वाफसा आला की पाभर धरायची आणि काळ्या रानात शाळू पेरायचा. त्यानंतर पावसाचा थेंब पडला नाही तरी जमिनीतली ओल आणि थंडी यांवर शाळू तगतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येतो. हस्त कोरडा गेला तर कणीसही नाही आणि कडबाही नाही. 2012-13 च्या दुष्काळात माणमध्ये जनावरांच्या छावण्या उघडाव्या लागल्या त्या याच हिशेबाने.

पावसाचा हा नकाशा सर्वांत आधी कळला तो मेंढपाळांना. माण-फलटणकडचे धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरतात, कोकणातल्या कापणी झालेल्या भातखाचरांत वाडा बसवतात, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घेतात आणि पावसाच्या तोंडावर माघारी निघतात. घाटातल्या पावसात मेंढरांचे खूर कुजतात. माणच्या कोरड्या वाऱ्यात ती सुखाने राहतात. इंग्रजांनीही असाच हिशेब केला होता. मुंबईचा गव्हर्नर थंडीत मुंबईत, उन्हाळ्यात महाबळेश्वरात आणि पावसाळ्यात पुण्यात मुक्काम हलवायचा. पुण्याचा पाऊस सोसवण्याजोगा, कारण पुणंही सह्याद्रीच्या आडोशालाच आहे.

आता पाण्याचा प्रवास माणसांनी बदलला आहे. 105 टीएमसीच्या कोयना धरणातलं बरंचसं पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला वळवून वीज केली जाते आणि ते वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. दुसरीकडे कृष्णेचं पाणी पंपांनी उचलून खटाव-माणकडे न्यावं लागतं. ढगांनी जे पूर्वेला नेलं नाही, ते वीजबिल भरून न्यायचं, असा हा व्यवहार.

म्हणून ‘सातारा जिल्ह्यात सरासरीच्या 100 टक्के पाऊस’ अशी बातमी वाचली की लगेच निश्चिंत होऊ नये. महाबळेश्वरच्या एका झडीने जिल्ह्याची सरासरी वर जाते, माणमधल्या म्हसवडच्या विहिरीची पातळी मात्र तिथंच राहते. पावसाचा आकडा तालुक्याचा विचारावा, जमल्यास महसूल मंडळाचा. आणि तो जूनचा आहे की सप्टेंबरचा, हेही विचारावं. माणमध्ये पीक येणार की नाही, ते त्यावर ठरतं.