वीज का पडते आणि आपण कसे वाचावे?



आपला कामठा परिसर धानाचा. रोवणीच्या दिवसांत घरातील मोठी माणसे बांधीत असतात आणि त्याच दिवसांत आकाशात विजा कडाडतात. वीज पडून माणसे व जनावरे दगावल्याच्या बातम्या आपल्या भागात दर पावसाळ्यात वाचाव्या लागतात. म्हणून विद्युतभार, प्रकाश आणि ध्वनी हे पुस्तकातील तीन धडे शेतात कसे कामी येतात, ते आपण पाहू.

पावसाळी ढग १०-१५ किलोमीटर उंच वाढतो. वर कडाक्याची थंडी असल्याने त्यात बर्फाचे बारीक कण आणि गारांसारखे जड कण तयार होतात. ते एकमेकांवर घासले की हलके कण धनभार घेऊन वर जातात व जड कण ऋणभार घेऊन खाली राहतात. ढगाच्या तळाशी ऋणभार साचला की खालच्या जमिनीवर धनभार गोळा होतो. बँकेच्या वहीत जमा आणि नावे यांचा मेळ बसावा लागतो, तसेच हे दोन भार एकमेकांना भेटू पाहतात. मधली हवा त्यांना अडवून धरते. ताण असह्य झाला की हवा फुटते आणि प्रचंड प्रवाह वाहतो. हीच वीज.

विजेच्या वाटेवरील हवा सुमारे ३०,००० अंश सेल्सिअस इतकी तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या सुमारे पाचपट. ही हवा एकदम फुगते, त्याचाच गडगडाट होतो. प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो, तर ध्वनी फक्त सुमारे ३४० मीटर. म्हणून लखलखाट आधी दिसतो व आवाज मागाहून येतो. मधले सेकंद मोजून ३ ने भागा. वीज किती किलोमीटरवर पडली ते कळेल. उत्तर १० किंवा कमी आले तर धोका जवळ आहे.

पायाळू माणसावर वीज पडते, असा जुना समज आहे. माणूस जन्मताना पायाकडून आला की डोक्याकडून, याचा विद्युतभाराशी काहीही संबंध नाही. या समजाचे नुकसान असे, की जो पायाळू नाही तो निर्धास्त राहतो. वीज बहुधा उंच वस्तू गाठते. सपाट बांधीत उभा माणूस हीच उंच वस्तू ठरते. मोहाच्या किंवा आंब्याच्या झाडाखाली गेलो, तर झाडावर पडलेली वीज बाजूला उडी मारून आपल्याला गाठते. शिवाय ती ओल्या जमिनीतूनही पसरते.

१७५२ साली बेंजामिन फ्रँकलिन यांच्या सूचनेप्रमाणे फ्रान्समध्ये उंच लोखंडी सळई उभारून ढगातील विद्युतभार खाली उतरवून दाखविण्यात आला. वीज हा दैवी कोप नसून निसर्गनियम आहे, हे तेव्हाच सिद्ध झाले.

मग करावे काय? गडगडाट ऐकू येताच बांधीतून निघून पक्क्या घरात जावे. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये. घर दूर असेल तर झाडापासून लांब, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे व कान झाकावेत. आडवे झोपू नये. घोळका करू नये. असे बसणे हा शेवटचा उपाय आहे, पक्क्या घराची सर त्याला नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे अॅप मोबाईलवर पूर्वसूचना देते.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही. त्याला बेधडक हात लावावा. काही ठिकाणी अशा माणसाला शेणात पुरतात. त्यात मोलाची मिनिटे वाया जातात. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी जोराने व भरभर दाब देत राहावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे संविधानाच्या कलम ५१-क मध्ये प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. ते परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपुरते नाही. यंदा रोवणी सुरू होण्यापूर्वी आपल्या आई-वडिलांना आणि सोबत रोवणीला जाणाऱ्या बायांना सेकंद मोजण्याची ही रीत शिकवा. हातातले पऱ्हे तसेच टाकून घरी आले तर एक दिवसाचे काम मागे पडेल. माणूस मात्र वाचेल.