कपडा उलटा करून पाहिलात का?

मैत्रिणींनो, नवा कपडा बगलेत उसवला की तुमच्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं निघतं? "मेलं, मीच जाड झालेय!" हेच ना? माझी धाकटी जाऊ अगदी हेच म्हणाली, आणि तेही चिखलदऱ्याला, भर धुक्यात.

गेल्या श्रावणात आम्ही दोन्ही घरची मंडळी अमरावतीहून वर गेलो होतो. जावेने सहलीसाठी म्हणून चौदाशे रुपयांचा तयार कुर्ता घेतला होता. रंग सुरेख, गळ्यावर नाजूक भरतकाम. भीमकुंडापाशी धाकट्याला उचलून घ्यायला तिने हात वर केले आणि बगलेखाली चार बोटं कुर्ता फाटला! झालं, ओढणी लपेटून बाईसाहेब गाडीत जाऊन बसल्या. देवी पॉइंट नाही, गाविलगड नाही. बाहेर मुलं भाजलेली कणसं खात होती आणि ही आत डोळे पुसत होती. "ताई, दिवाळीपासून वजन वाढलंय माझं. हे म्हणतच होते."

शेवटी मी कुर्ता घेऊन बाजारात गेले. एक वयस्क शिंपीदादा मशीन मांडून बसले होते. त्यांनी कुर्ता हातात घेतला, सरळ बाजू पाहिलीच नाही. आधी उलटा केला आणि हसले. "वाहिनी, याले मायाच नाही! दोन सूतबी सोडली नाही. म्या टीप मारू त मारू कशावर?"

माया म्हणजे काय ते शिवणकाम येणारीला सांगायला नकोच. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात ती माया. इंचाचे सूत आठ, म्हणजे दोन सूत म्हणजे जेमतेम पाव इंच. या कुर्त्यात तेवढीही नव्हती. दोरा तुटला नव्हता बरं का! दोरा जागच्या जागी होता, कापडाचेच धागे शिवणीतून सरकून बाहेर आले होते. वजन वाढलं नसतं तरी तो कुर्ता तिथेच गेला असता.

माझी आई अकोल्याला घरीच शिवायची. बाजूच्या शिवणीला इंचभर, बाहीला पाऊण इंच आणि खालच्या दुमडीला दोन-तीन इंच माया ठेवल्याशिवाय तिची कात्री चालत नसे. तिने शिवलेला माझा एक पंजाबी ड्रेस अकरा वर्षं झाली तरी अंगावर आहे. धाकटीच्या वेळी उसवून मोठा केला, टायफॉइडनंतर आत घेतला, पुन्हा मोठा केला. बाईचं अंग काही एका मापावर थांबत नाही, आणि तो काही गुन्हा नव्हे! कारखान्यात मात्र थरावर थर रचून एका वेळी ढिगाने कपडे कापतात. तिथे एका कपड्यामागे दोन इंच वाचले तरी मालकाचे थानच्या थान वाचतात. मग अगदी काठाला ओव्हरलॉक मारलं की आतलं सगळं झाकलं जातं. (बनियनसारख्या विणीच्या, ताणणाऱ्या कापडाला ओव्हरलॉक चांगलंच. विणलेल्या सुती कापडाला नुसत्या त्याच्यावर सोडू नये.)

तेव्हा दुकानात कपडा आधी उलटा करा. माया बोटाने मोजा. मग शिवणीच्या दोन्ही बाजू धरून जरा ताणा. मध्ये दोऱ्याचे दात दिसले तर टाके विरळ आहेत किंवा दोरा सैल आहे. सुती कापडाला इंचाला दहा-बारा टाके हवेत. आतून टाका साखळीसारखा दिसला तर जरा जपूनच. सरकीच्या पोत्याचं तोंड उघडताना बरोबर टोक सापडलं की एका ओढीत सगळी शिवण सुटते ना, तोच तो टाका. आपल्या घरच्या मशीनचा टाका वरच्या आणि खालच्या अशा दोन दोऱ्यांची गाठ घेत जातो, त्यामुळे एका जागी तुटला तरी सगळी शिवण उसवत नाही.

बटणं आणि काजं सगळेच बघतात. मी आधी कापडाचा उभा धागा बघते. कुर्ता मधोमध दुमडून दोन्ही बाजूंच्या शिवणी एकमेकींवर ठेवा. कापड वाचवायला तिरपं कापलं असेल तर दोन धुण्यांत बाजूची शिवण फिरून पोटावर येते. इस्त्रीने ती जागेवर जात नाही, कितीही दाबा! चौकटीचं कापड असेल तर शिवणीवर चौकटी जुळल्यात का तेही बघा. ज्याने तिथे कापड खर्च केलं, त्याने आतही कंजुषी केली नसण्याचा संभव जास्त.

आता माझी फजिती. माझ्याही ब्लाउजने त्याच सहलीत दगा दिला. चिखलदरा अकराशे मीटरवर, श्रावणात ऊन दिसेल तर शपथ. भिजलेला ब्लाउज दोन दिवस खोलीत दोरीवर होता. वाळला तेव्हा बाह्यांना सुरकुत्याच सुरकुत्या. वरचं कापड टू बाय टू, म्हणजे उभे-आडवे दोन्ही धागे दुहेरी पिळाचे, एकदम चांगलं. पण शिवणाऱ्याने अस्तर न भिजवताच कापलं होतं. मागावर सुती धागा ताणलेला असतो, पाणी लागलं की तो ताण सुटतो आणि कापड आटतं. अस्तर आटलं, वरचं आटलं नाही. पूर्वी कापडाच्या काठावर 'सॅनफोराइज्ड' असा छाप असे, तुमच्या आईला विचारा. सॅनफर्ड क्लुएट नावाच्या अमेरिकन माणसाने कापड कारखान्यातच आधी आटवून घ्यायची ही रीत काढली, १९३० साली तिचं पेटंट झालं. आपल्याला कारखाना नको, बादली पुरते. कापड आणि अस्तर दोन्ही रात्रभर पाण्यात, सकाळी न पिळता वाळत, मगच शिंप्याकडे. पायपीनची आणि फॉलची पट्टीही विसरू नका. गडद पट्टी असेल तर पाणी रंगतं का तेही तिथेच कळतं.

तर, जावेचा कुर्ता. शिंपीदादांनी खालची दुमड उसवली, तिथून पट्टी काढली आणि दोन्ही बगलांत चौकोनी तुकडे बसवले. कुर्ता बोटभर आखूड झाला, पण हात वर करता येऊ लागला. साठ रुपये घेतले. दुसऱ्या दिवशी तोच घालून ती गाविलगडावर आमच्या सगळ्यांच्या पुढे.

परवा आम्ही दोघी अमरावतीत खरेदीला गेलो होतो. तिने हँगरवरचा कुर्ता काढला आणि आतून बाहेर केला.

"ताई, तो उलटा आहे," दुकानातला मुलगा म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि बोटाने माया मोजू लागली.