इनामगावचे दाणे, दात आणि पाच खोल्या

सणसवाडीला नगर रोडवर कंटेनरच्या रांगेत अडकलात, तर हॉर्न वाजवू नका, एक कोडं सोडवा. याच शिरूर तालुक्यातल्या कोणत्या गावाचा पत्ता शोधायला दाणे, दात आणि हाडं वाचणारे एकत्र बसले?

इनामगाव! घोड नदीच्या काठी इ.स.पू. १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं नांदलेली वस्ती. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी मंडळींनी तिथे १९६८ मध्ये कुदळ घातली ती १९८३ पर्यंत. सव्वाशेहून जास्त घरं सापडली. पण नुसती खापरं धुऊन गाव कळतं होय? जळके दाणे वनस्पतीवाल्याकडे गेले (जवावर फार भिस्त होती), हाडं प्राणी ओळखणाऱ्याकडे, काळ कार्बनवाल्यांकडे आणि दातांची कीड मानवशास्त्रज्ञांकडे.

गावरचना तर बघा. मध्यावर पाच खोल्यांचं घर, त्याला खेटून धान्याचं कोठार. ढवळीकरांच्या मते हे गावच्या प्रमुखाचं. कुंभार, सोनार, चुना भाजणारे पश्चिमेच्या कडेला. आपल्याकडे कारखान्याच्या भिंतीलाच भाड्याच्या खोल्या!

मेलेल्यांना पुरायचे घरातच, जमिनीखाली. मुलांसाठी तोंडाला तोंड लावलेली दोन मडकी. मोठ्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले. उठून चालू लागू नयेत म्हणून, असा एक तर्क. पण त्या पाच खोल्यांच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात एक पुरुष मांडी घालून बसलेला, पाय शाबूत. मोठ्या माणसाला सवलत तेव्हाही होती.

इ.स.पू. १००० नंतर ऐसपैस चौकोनी घरं गेली, गोल झोपड्या आल्या. पाऊस हटला, असं बरीच वर्षं मानलं गेलं. मग ग्वेन रॉबिन्स शुग यांनी लहान मुलांच्या हाडांवरून २०११ च्या पुस्तकात तो हिशेब पुन्हा उघडला. एका शाखेने मिटवलेलं प्रकरण दुसरीने उकरायचं, यातच तर मजा.

हाडं वाचण्यावरून आठवल्या मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे. त्याही डेक्कन कॉलेजच्याच. चाळीसच्या दशकात गुजरातेतल्या लांघणजच्या उत्खननात सांकलियांबरोबर सांगाडे तपासणाऱ्या बाईंनी १९६५ मध्ये जयंत रणदिवे यांच्या साथीने वाढत्या फलटणवर आणि भोवतालच्या गावांवर पुस्तक काढलं. तिथे कुदळ लागली नाही. माणसं जिवंत होती, विचारलं की सांगत होती.