इंटरनेट आणि परसंस्कृतीचा परिचय

परदेशांतील लोकजीवन आता इंटरनेटमुळे खेड्यातील मुलांच्याही दृष्टीस पडते. परंतु दृष्टीस पडले ते समजलेच असे नव्हे. कोरियन गायक साय याचे ‘गंगनम स्टाइल’ हे गीत जुलै २०१२ मध्ये यूट्यूबवर आले. २१ डिसेंबर २०१२ रोजी ते १०० कोटी वेळा पाहिले गेल्याची नोंद झाली. एवढा आकडा गाठणारी ती तेथील पहिलीच चित्रफीत होय. गंगनम म्हणजे नदीची दक्षिण बाजू. सोल शहरात हान नदीच्या दक्षिणेस असलेली ही श्रीमंतांची वस्ती. तेथील थाटाचा आव आणणाऱ्यांची थट्टा हाच गीताचा विषय. मायदेशी ती सहज कळण्याजोगी होती. बाहेर बहुधा घोडेस्वारीची नक्कल करणारे नृत्यच पोहोचले, कारण त्यास भाषा लागत नाही. शिवाय जे पुष्कळ पाहिले जाते, तेच यंत्रणा आणखी लोकांपुढे ठेवते.

अशी चित्रफीत दाखविण्यापूर्वी शिक्षकांनी नकाशावर सोल दाखवावे व थट्टा कोणाची आहे ते सांगावे. मग मुलांस विचारावे: पोळ्याची मिरवणूक दोन मिनिटे पाहून, आदल्या सायंकाळी बैलांचे खांदे का मळतात, हे सोलमधील मुलास कळेल काय?