बेने इस्राएलींच्या सिनेगॉगमधला आठवडा

कोकणातून मुंबईत आलेल्या बेने इस्राएली ज्यूंचे पहिले सिनेगॉग (प्रार्थनामंदिर), शार हारहमीम, सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मांडवी भागात उभारले. तिथल्या आठवड्याचा केंद्रबिंदू म्हणजे शब्बाथ, ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस. शुक्रवारी सूर्यास्ताला तो सुरू होतो. प्रार्थनेनंतर किद्दुशसाठी, म्हणजे शब्बाथ पवित्र करण्याच्या विधीसाठी, काळ्या मनुकांच्या सरबतावर आशीर्वाद म्हटला जातो आणि मग ते प्यायले जाते. शनिवारी सकाळी तोरा या ज्यू धर्मग्रंथाची हस्तलिखित गुंडाळी पवित्र पेटीतून काढून त्या आठवड्याचा भाग वाचतात. सामूहिक प्रार्थनेला परंपरेने किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेल्याने ही साधी अटच आज अनेक ठिकाणी जड जाते. आठवड्याच्या प्रार्थनांखेरीज, नवस फेडताना किंवा लग्नाआधी एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या स्मरणार्थ मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे. हा खास कोकणी विधी अन्य ज्यूंत आढळत नाही.